पॉवर विंडो काढून हाताने फिरवायचे हँडल बसवताना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमची ऑल्टो ८०० व्हीएक्सआय अंगणात उभी होती आणि पाणी तिच्या सीटपर्यंत चढले होते. इंजिन, गिअरबॉक्स आणि सीटखालचे वायरिंग साफ करून गाडी पुन्हा रस्त्यावर आली. परंतु पुढच्या दोन्ही दारांमधल्या काचांच्या मोटरींत शिरलेला गाळ आणि ओल यांनी पुढे वर्षभर पाठ सोडली नाही. मागच्या दारांना कारखान्यातूनच हाताने फिरवायची हँडले होती. तीही त्याच पाण्यात बुडाली होती, पण ग्रीस बदलल्यावर पूर्ववत चालू लागली. हा फरक डोळ्यांसमोर असल्यामुळे आम्ही पुढच्या दारांनाही हँडले बसवली. कोकण किनाऱ्यावर राहणारे, पूररेषेत गाडी ठेवणारे, किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असल्यामुळे बॅटरी उतरलेली सापडते असे वाचक हा बदल करण्याचा विचार करत असतील, तर त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

हा बदल कोणत्याही गाडीत करता येत नाही. ज्या गाडीच्या खालच्या मॉडेलला कारखान्यातूनच हँडल येत होते, त्या गाडीत तो सरळ आणि सुरक्षित असतो, कारण दाराच्या आतल्या पत्र्यात काच वरखाली करणाऱ्या दोन्ही प्रकारच्या मशीनसाठी, म्हणजे मोटरच्या आणि हाताच्या, भोके बहुधा आधीच पाडलेली असतात. ऑल्टो ८०० चे उदाहरण घ्यायचे तर व्हीएक्सआयला पुढे पॉवर विंडो होत्या आणि एलएक्सआयला हँडले, त्यामुळे एलएक्सआयच्या दारातला संपूर्ण संच मिळवला की काम होते. जिच्या कुठल्याच मॉडेलला हँडल नव्हते, अशा गाडीत भलतेच मशीन जुळवून बसवण्याच्या फंदात पडू नये. त्याचप्रमाणे ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅगसाठीचा दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीत बसवलेला असतो, तिचे दार या कामासाठी उघडू नये. तो सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावरून धडक ओळखतो, आणि पत्र्यातले एखादे भोक उघडे राहिले तरी त्याच्या निदानात फरक पडू शकतो.

तरीही पाने हातात घेण्यापूर्वी मोटर खरोखर गेली आहे का, हे तपासणे आवश्यक आहे, कारण काच हलत नाही म्हणजे मोटर जळाली असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. आधी फ्यूज पाहावा. मग दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते ती एका बाजूने सोडून आतल्या वायरी पाहाव्यात. दार उघडताना आणि मिटताना त्या वायरी दररोज वाकतात आणि काही वर्षांनी वरचे आवरण शाबूत असतानाही आतली तार तुटलेली असते. बटणाचे संपर्कही काळे पडतात. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून तिच्या दोन टोकांना बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देणे आणि नंतर वायरींची अदलाबदल करून उलट दिशेने फिरवून पाहणे. दोन्ही दिशांना मोटर जोमाने फिरली, तर दोष तिच्यात नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनेक मोटरींत तापल्यावर आपोआप प्रवाह तोडणारी सोय असते. चारपाच वेळा काच वरखाली केल्यावर मोटर बंद पडली आणि काही मिनिटांनी पुन्हा चालू झाली, तर बिचारी मोटर घट्ट झालेल्या रबराशी झगडत आहे असे समजावे. अशा वेळी रबर साफ केले तरी पुरते.

या बदलाने काय गमवावे लागेल, याचाही विचार आधीच करावा. चालकाला आपल्या जागेवरून शेजारची काच उघडता किंवा मिटता येणार नाही. ज्यांच्या मनगटात किंवा खांद्यात दुखणे आहे त्यांना हँडल फिरवणे जड जाईल, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना आधी मागच्या दाराचे हँडल फिरवायला सांगून त्यांचे मत घ्यावे. आमच्या घरी आईने ते फिरवून पाहिले आणि मगच आम्ही सामान आणायला निघालो.

सामान घेताना ‘काचेचे मशीन’ असे मागितले की दुकानदाराला लगेच कळते. डावे आणि उजवे मशीन वेगवेगळे असते आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाही, त्यामुळे कोणत्या बाजूचे हवे ते सांगून, शक्य असल्यास मॉडेल आणि वर्ष लिहून न्यावे. नवे मशीन पुण्यात नाना पेठेतल्या किंवा मुंबईत ऑपेरा हाऊस भागातल्या सुट्या भागांच्या दुकानांत मागवता येते. जुने हवे असेल तर कुर्ल्याच्या बाजारात मिळू शकते. मशीनशिवाय दोन हँडले, प्रत्येक हँडलमागचा प्लास्टिकचा चपटा वॉशर, हँडल मशीनच्या आसावर (ज्या दांड्यावर ते बसते त्यावर) धरून ठेवणारी घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप, पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या, नव्या क्लिपा आणि जमल्यास खालच्या मॉडेलचे भोक असलेले पॅड एवढे सामान लागते. हँडल आणि मशीन एकाच गाडीचे घ्यावे, कारण आसावरच्या दात्यांची संख्या किंवा जाडी जुळली नाही तर हँडल काही दिवसांतच गरगर फिरू लागते.

जुने मशीन विकत घेताना दुकानातच एक परीक्षा करावी, आणि या कामातली सर्वांत महत्त्वाची परीक्षा हीच आहे, म्हणून तिचे कारण थोडे सविस्तर सांगतो. पॉवर विंडोच्या मोटरमध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्याला जुळलेले दातेरी चाक. वर्म चाकाला फिरवतो, पण चाकाला वर्म फिरवता येत नाही, त्यामुळे मोटर बंद असली तरी काच जागची हलत नाही. याच कारणाने मोटरच्या मशीनलाच एखादे हँडल जोडून काम भागवण्याची कल्पना चालत नाही. हाताच्या मशीनमध्ये वर्म नसतो. तिथे आसाच्या मागे एका छोट्या डब्यात गुंडाळलेली स्प्रिंग असते. हँडलकडून जोर आला की ती आवळते, डब्याच्या भिंतीपासून सुटते आणि आस फिरू देते; काचेच्या वजनाने किंवा कोणी काच खाली दाबल्यामुळे उलट बाजूने जोर आला, की तीच स्प्रिंग फुगून डब्याच्या भिंतीला घट्ट धरते. म्हणजे ही स्प्रिंग काचेचा ब्रेक आहे. तो झिजलेला असेल तर खड्ड्यांतून जाताना काच आपोआप खाली घसरते आणि बाहेरच्या माणसाला ती तळहाताने दाबून उघडता येते. म्हणून दुकानात हँडल लावून मशीन अर्धे फिरवावे, काच ज्या पट्टीवर बसते ती पट्टी दोन्ही हातांनी जोराने ढकलावी, आणि ती सरकली तर ते मशीन घेऊ नये. काच केबलने ओढणारे मशीन असेल तर केबलचे तंतू कुठे उसवले आहेत का आणि केबल ज्या प्लास्टिकच्या चाकावरून वळते त्याला तडा गेला आहे का, हेही पाहावे. पहिल्या वेळी मी ही परीक्षा केली नाही. विक्रेत्याने दिलेले मशीन घरी आणून दारात बसवले, आणि पॅड लावण्याच्या क्षणी काच आपल्याच वजनाने खाली गेली. अख्खे काम उलगडून पुन्हा करावे लागले.

हत्यारे फार लागत नाहीत. १० नंबरची गोटी (सॉकेट) आणि तिला लांब दांडा, फिलिप्सचा आणि चपटा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, पॅड उचकटण्यासाठी प्लास्टिकची रुंद पट्टी, चांगल्या प्रतीची कापडी चिकटपट्टी, जाड हातमोजे आणि विजेरी पुरते. हातमोज्यांचा कंटाळा करू नये. दारातल्या पत्र्याच्या कडा कारखान्यात घासून गुळगुळीत केलेल्या नसतात आणि हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

काम सुरू करताना मोटर चालत असेल, तर तिचा शेवटचा उपयोग करून घ्यावा. काच पट्टीला धरून ठेवणारे दोन बोल्ट आतल्या पत्र्यातल्या खिडक्यांसमोर, म्हणजे मोठ्या भोकांसमोर, येतील अशा उंचीवर, म्हणजे बहुधा मध्याच्या आसपास, ती आणून ठेवावी लागते. नेमकी उंची पॅड काढल्यावरच कळते, म्हणून पॅड काढेपर्यंत बॅटरी जोडलेली असावी. मोटर मेलेली असेल आणि थेट १२ व्होल्ट देऊनही फिरत नसेल, तर मशीनचेच बोल्ट सोडून काचेसकट ते आधी सैल करावे लागते आणि त्यासाठी दुसरा माणूस हाताशी हवा.

पॅडचे स्क्रू दार ओढायच्या मुठीत, आतल्या कडीच्या चौकटीमागे आणि काही गाड्यांत आरशाजवळच्या त्रिकोणी झाकणाखाली दडलेले असतात. ते सगळे निघाले आहेत याची खात्री झाल्याशिवाय पॅड ओढू नये. त्यानंतर खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी पट्टी सरकवून क्लिप उचलावी. मधोमध ओढल्यास क्लिप पत्र्यात राहते आणि पॅडचा पुठ्ठा फाटतो. सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅड वर उचलून काचेलगतच्या रबरी पट्टीतून (बीडिंगमधून) बाहेर काढावा आणि दारावर काही बटणे असतील तर त्यांचे कपलर मागून सोडावेत.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. तो अनेक गॅरेजांमध्ये ओढून फेकून दिला जातो, आणि त्याचे परिणाम पुढे पावसाळ्यात मालकाला भोगावे लागतात. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते; हा कागद ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. त्याचा काळा चिकट पदार्थ चाकूने हळूहळू कापत जावे, कागद एकसंध काढावा आणि धूळ लागणार नाही असा टांगून ठेवावा.

आता बोल्ट समोर आले की बॅटरीची ऋण बाजू काढून टाकावी. काचेचे दोन्ही बोल्ट सोडावेत, काच दोन्ही हातांनी सरळ वर ढकलून पूर्ण मिटवावी आणि चौकटीच्या वरून, आतून बाहेर अशी, कापडी चिकटपट्टीचे निदान तीन पट्टे ओढून ती पक्की टांगावी. एका पट्ट्यावर विसंबू नये; हात आत असताना काच सुटली तर बोटे तुटण्याइतकी इजा होऊ शकते. मग मोटरचा कपलर काढून मशीनचे बोल्ट सोडावेत आणि मशीन मोठ्या खिडकीतून थोडे फिरवत बाहेर घ्यावे. कात्रीसारख्या हातांचे मशीन असेल, तर ते बाहेर काढल्यावर त्याची मोटर वेगळी करण्याच्या मोहात पडू नये. अशा मशीनला काचेचे वजन तोलण्यासाठी ताणलेली जाड स्प्रिंग असते, मोटर तिला रोखून धरते, आणि मोटर सुटताच लोखंडी हात विजेच्या वेगाने फिरतो.

दार रिकामे झाल्यावर घाईने नवे मशीन बसवू नये, कारण या बदलाचे यशापयश पुढच्या अर्ध्या तासावर ठरते. काच ज्या रबरी चॅनेलमधून सरकते ते चॅनेल वर्षानुवर्षांच्या धुळीने, पुरात बुडालेल्या गाडीत तर गाळाने, कडक झालेले असते. मोटर ते मुकाट्याने सोसत असते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हाताला मात्र तो प्रत्येक अडथळा जाणवतो. चॅनेल ओल्या कापडाने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने पूर्ण साफ करावे, फाटलेले असेल तर बदलावे, आणि कोरडे झाल्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नये, त्याने रबर फुगते आणि धूळ आणखी धरते. यानंतर चिकटपट्टी काढून, काच हाताने तिरकी न होऊ देता वरखाली करून पाहावी. दोन्ही हातांच्या बोटांनी ती सहज सरकली पाहिजे. ती इथे अडत असेल, तर हँडल लावल्यावर दुप्पट अडेल आणि मशीनचे दाते किंवा केबल लवकर जाईल. याच वेळी दाराच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि गंज दिसल्यास घासून प्रायमर लावावा; अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

काच पुन्हा वर चिकटपट्टीने टांगून, नव्या मशीनच्या दात्यांना आणि पट्टीच्या खोबणीला पांढरे लिथियम ग्रीस लावून ते आत सरकवावे आणि सगळे बोल्ट केवळ हाताने, सैलसर बसवावेत. काच खाली आणून पट्टीला जोडावी. हे बोल्ट पुढे पक्के करतानाही केवळ मनगटाच्या जोराने आवळावेत, कारण जादा आवळल्यास काचेला बोल्टच्या भोकापासून तडा जातो. त्यानंतर हँडल तात्पुरते आसावर ठेवून काच पूर्ण वर न्यावी, ती चौकटीत चारी बाजूंनी नीट बसू द्यावी आणि त्या मिटलेल्या स्थितीतच मशीनचे व पट्टीचे बोल्ट पक्के करावेत. काच खाली असताना बोल्ट आवळले, तर ती वर जाताना तिरकी होते आणि मागच्या कोपऱ्यात फट राहते, जिच्यातून वेगात वारा शिटी घालतो.

पॅड लावण्याआधी काच निदान दहा वेळा वरखाली करावी आणि पूर्ण मिटण्यासाठी हँडलचे किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवावे. दोन्ही दारांचे फेरे सारखे यायला हवेत. काच अर्धी उघडी ठेवून तळहाताने खाली दाबावी, दार पाचसहा वेळा जोराने आपटावे आणि ती जागची हलली नाही ना हे पाहावे.

वायरिंगच्या बाबतीत माझे स्पष्ट मत आहे की काहीही कापू नये. मोटरच्या वायरींच्या जुडीतच सेंट्रल लॉकच्या आणि काही गाड्यांत स्पीकरच्या वायरी असतात, आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला पॉवर विंडो परत हव्या असू शकतात. सुटलेल्या कपलरचे तोंड पातळ प्लास्टिकच्या पिशवीने आणि चिकटपट्टीने बंद करावे आणि तो काचेच्या वाटेत येणार नाही अशा ठिकाणी जुन्या जुडीला बांधावा. पॉवर विंडोचा फ्यूज काढायचा असेल, तर त्यावर दुसरे काही चालत नाही याची फ्यूज पेटीच्या झाकणावरील नकाशावरून खात्री करावी.

खालच्या मॉडेलचा पॅड मिळाला नाही, तर आपल्याच पॅडला भोक पाडावे लागते, आणि ते दोन मिलिमीटर चुकले तरी हँडल पॅडला घासते. आम्ही आसाच्या टोकाला ओल्या कुंकवाचा दाट ठिपका लावला, पॅड नेमका जागेवर धरून दाबला आणि पॅडच्या पाठीवर उमटलेल्या खुणेवर आधी बारीक भोक पाडून मग ते पुढच्या बाजूने मोठे केले. भोक आसाच्या बुडापेक्षा किंचित मोठे असावे, पण प्लास्टिकच्या वॉशरखाली पूर्ण झाकले जावे.

कागद पुन्हा नीट चिकटवून, आसापुरतेच छिद्र ठेवून, पॅड लावावा. वॉशर आसावर घालावा, क्लिप हँडलच्या खाचेत आधीच बसवावी आणि हँडल आसावर ठेवून तळहाताचा एक ठोसा मारावा. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे क्लिप बसली. काच मिटलेली असताना दोन्ही दारांची हँडले एकाच कोनात आणि चालकाच्या गुडघ्याला लागणार नाहीत अशी असावीत. कोन चुकल्यास हँडल आणि वॉशर यांच्या फटीत सुती फडक्याची पट्टी सरकवावी आणि बुटाला पॉलिश करताना ओढतो तशी ती दोन्ही टोकांना धरून मागेपुढे ओढावी. कापडाचा धागा क्लिपमध्ये अडकतो आणि क्लिप उडून बाहेर येते, म्हणून डोळे जपावेत आणि ती कुठे पडते याकडे लक्ष ठेवावे.

कायद्याचा प्रश्न बरेच जण विचारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल अशा फेरबदलांना मनाई करते. काच कोणत्या यंत्रणेने उघडते हा तपशील प्रमाणपत्रात नसतो. तरीही वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नये आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावे. काच उतरवलेली पाहून कोणी काळी फिल्म लावण्याचा सल्ला दिला, तर तो स्वीकारू नये, कारण बाजूच्या काचांमधून निदान ५० टक्के प्रकाश आरपार जावा असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाचा दंडक आहे.

सगळे झाल्यावर बॅटरी जोडून सेंट्रल लॉक तपासावे, काचा मिटाव्यात आणि दारावर वरून दहाबारा बादल्या पाणी ओतावे. पाणी दाराच्या तळातून थेंबथेंब बाहेर पडत असेल आणि पायाखालचा गालिचा कोरडा असेल, तर कागद नीट बसला आहे. गालिचा ओला झाल्यास कागदाचा खालचा काठ दाराच्या आत वळवायचा राहिला आहे का, ते पाहावे. आमच्या डाव्या दाराला हीच चूक झाली होती. काढलेल्या मोटरी, बटणे आणि जुने पॅड वाळवून, डावे-उजवे अशी चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर हँडलचे फेरे पुन्हा एकदा मोजून लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावेत. केबलचे मशीन असेल आणि फेरे वाढले असतील, तर केबल सैल झाली असावी.